नियोजन विकणाऱ्यांचे नियोजन

‘नियोजन’ हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे पंचवार्षिक योजना, दिल्लीचे योजना भवन आणि प्राध्यापक महालनोबिसांची समीकरणे उभी राहतात. १९५० साली स्थापन झालेला नियोजन आयोग गेला, २०१५ च्या आरंभी त्याच्या जागी नीती आयोग आला आणि त्याबरोबर नियोजनाचे युगही संपले, अशी एक सर्वसाधारण समजूत आपल्याकडे रूढ झाली आहे. प्रस्तुत लेखकाच्या वर्गातील विद्यार्थीही या प्रकरणाकडे परीक्षेपुरता पाठ करावयाचा इतिहास म्हणूनच पाहतात. ही समजूत फार तर अर्धी खरी आहे. सरकारी नियोजनाचा व्याप आकसला असेल. परंतु नियोजन संपलेले नाही. ते सचिवालयातून उठून खासगी कंपन्यांच्या संगणकांत जाऊन बसले आहे. कोणता माल कोणत्या कारखान्यात, केव्हा आणि किती तयार व्हावा, तो कोणत्या मार्गाने कोणत्या गोदामात जावा, याचे मध्यवर्ती आणि विलक्षण तपशीलवार हिशेब आज जगभर रोज होत असतात. हे हिशेब करून देणारे सॉफ्टवेअर विकणे हाच एक मोठा धंदा होऊन बसला आहे.

या धंद्यातील ‘आयटू टेक्नॉलॉजीज’ या कंपनीचा इतिहास अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने अवश्य पाहावा असा आहे. ही कंपनी नियोजन विकून वाढली आणि तिचे स्वतःचेच नियोजन चुकल्याने खालावली. यात नियतीचा विनोद आहे, हे खरे. परंतु तेवढ्यावर समाधान मानून पुढे जाता येणार नाही. नियोजनाने काय साधते आणि काय साधत नाही, या जुन्या वादाचे उत्तर शोधावयाचे असेल, तर ते या इतिहासात बऱ्याच अंशी सापडते.

जुना प्रश्न, नवे साधन

प्रथम मूळ प्रश्न समजून घेऊ. विजेचा एक साधा पंखा घ्या. त्याला मोटर लागते, तांब्याची तार लागते, पाती, बेअरिंग, रंग आणि शेवटी खोकाही लागतो. यातली एक वस्तू आली नाही तर बाकीच्या साऱ्या वस्तू पडून राहतात. म्हणजेच त्यांत गुंतलेले भांडवल पडून राहते. म्हणून व्यवस्थापक प्रत्येक वस्तूचा थोडा जादा साठा करून ठेवतो. परंतु साठ्यावर व्याज चढते, गोदामाचे भाडे चढते आणि फॅशन बदलली तर सारा माल भंगारात जातो. साठा कमी ठेवावा, तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी जाते. कमी आणि जास्त यांच्यामधली ती रेषा शोधणे, हा उद्योगातला नित्याचा प्रश्न होय.

त्याला गणिताची जोड देण्याचे श्रेय प्रथम लिओनिद कांतोरोविच या सोव्हिएत गणितज्ञाकडे जाते. लेनिनग्राडमधील प्लायवूड उद्योगाच्या यंत्रांवर कामाची वाटणी कशी करावी, या प्रश्नातून त्यांनी १९३९ साली आपली पद्धत मांडली. अमेरिकेत जॉर्ज डॅन्टझिग यांनी १९४७ साली हवाई दलाच्या नियोजनासाठी स्वतंत्रपणे तशीच, आणि प्रत्यक्ष आकडेमोडीला अधिक सोयीची, पद्धत शोधली. पुढे १९७५ मध्ये कांतोरोविच आणि कूपमन्स यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कारखान्यांत मात्र बरीच वर्षे याहून साधी पद्धत चालली. १९६० च्या दशकात जोसेफ ऑर्लिकी आदी तज्ज्ञांनी संगणकावर सुट्या भागांच्या गरजेचे हिशेब बसविले. शंभर पंखे हवेत, तर किती पाती, किती तार आणि ती कोणत्या तारखेला मागवावी, हे संगणक सांगू लागला. ही मोठीच सोय होती. परंतु तिच्यात एक उघड वैगुण्य होते. कारखान्याची यंत्रे हवे तितके काम हव्या त्या दिवशी करतील, असे ही पद्धत गृहीत धरून चाले. प्रत्यक्षात एखादे यंत्र अडून बसते आणि त्याच्यामागे सारे काम तुंबते. कारखान्याचे एकूण उत्पादन त्या अडणीच्या जागेवरच ठरते, हा विचार इस्रायली तज्ज्ञ एलियाहू गोल्डरॅट यांनी १९८४ च्या ‘द गोल’ या कादंबरीद्वारे व्यवस्थापकांच्या गळी उतरविला. आयटूचा जन्म झाला तो या पार्श्वभूमीवर.

हैदराबाद ते डॅलस

संजीव सिद्धू हे मूळचे हैदराबादचे. उस्मानिया विद्यापीठातून रसायन अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते अमेरिकेत गेले आणि पुढे ‘टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स’ या कंपनीच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेत काम करू लागले. कारखान्यातील शेकडो मर्यादा एकाच वेळी मनात धरून निर्णय घेणे मानवी बुद्धीच्या आवाक्याबाहेरचे आहे. ते काम संगणकाकडे सोपवावे, ही त्यांची कल्पना. ती घेऊन त्यांनी नोकरी सोडली आणि १९८८ मध्ये केन शर्मा यांच्यासह डॅलस येथे कंपनी काढली. तिचे पहिले नाव ‘इंटेलेक्शन’; पुढे ते ‘आयटू’ असे झाले. तिच्या मुख्य सॉफ्टवेअरला नाव दिले ‘रिदम’, म्हणजे लय. कच्चा माल, यंत्र आणि मनुष्यबळ यांच्या मर्यादा एकत्र विचारात घेऊन ते उत्पादनाचा कार्यक्रम आखीत असे. एखादे यंत्र बंद पडले तर सारा कार्यक्रम थोड्या अवधीत नव्याने मांडीत असे.

कालखंडाचा योगायोग येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. सोव्हिएत संघाचे मध्यवर्ती नियोजन ज्या वर्षांत ढासळत होते आणि १९९१ साली त्या राज्याबरोबरच लयाला गेले, नेमक्या त्याच वर्षांत अमेरिकेत खासगी नियोजनाचा बाजार उभा राहत होता. याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. बाजारपेठेत दोन कंपन्यांमधले व्यवहार किमतीच्या आधारे होतात. परंतु एकाच कंपनीच्या आत व्यवहार होतो तो हुकमाने आणि योजनेने, हे रोनाल्ड कोस यांनी १९३७ सालीच दाखवून दिले होते. कंपनी जितकी मोठी, तितके तिच्या आतले नियोजन मोठे. १९९० नंतर कंपन्या देशोदेशी पसरल्या, सुटे भाग एका खंडात आणि जुळणी दुसऱ्या खंडात होऊ लागली, आणि नियोजनाची भूक वाढत गेली.

ही भूक आयटूने अचूक ओळखली. १९९६ मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले. बंगळूरला तिचे मोठे विकास-केंद्र उभे राहिले आणि भारतातील कितीतरी तरुण अभियंत्यांनी कारखान्याच्या नियोजनाचे गणित तेथेच प्रथम गिरविले. डेलसारखी, फार थोडा साठा ठेवून संगणक विकणारी कंपनी तिची ग्राहक झाली. इथवरचा इतिहास यशाचा आहे आणि ते यश खरे होते. त्यात जाहिरातीचा फुगा नव्हता.

भिंतीच्या आत आणि बाहेर

तथापि येथेच एक पायरी अशी आली, की जिचे महत्त्व त्या वेळी फारसे कोणाला जाणवले नसावे. १९९७ मध्ये आयटूने ‘थिंक सिस्टिम्स’ ही मागणीचा अंदाज बांधणारे सॉफ्टवेअर करणारी कंपनी विकत घेतली. वरवर पाहता हा साधा विस्तार होता. परंतु कारखान्याच्या भिंतीच्या आतले नियोजन आणि भिंतीबाहेरच्या मागणीचे भाकीत, ही दोन कामे जातीनेच भिन्न आहेत. आत काय आहे ते मोजता येते. यंत्र तासाला किती नग काढते, तार किती शिल्लक आहे, पाळीवर किती कामगार आहेत, हे कोणीतरी मोजून सांगू शकतो. बाहेर आहे ते गिऱ्हाइकाचे मन. सहा महिन्यांनी त्याला कोणता रंग आवडेल, हे त्याचे त्यालाही ठाऊक नसते. पहिल्या कामात संगणक मनुष्याहून श्रेष्ठ ठरतो, यात शंका नाही. दुसऱ्या कामात तो जुन्या आकड्यांवरून पुढचा आकडा काढतो, इतकेच. दोन्ही उत्तरे एकाच पडद्यावर, एकाच टाइपात उमटतात. त्यामुळे दोहोंवर सारखाच विश्वास बसतो. सारा घोटाळा आहे तो इथे.

त्यातून नाइकेचे प्रकरण उद्भवले. बुटांच्या या विख्यात कंपनीने मागणीच्या नियोजनासाठी आयटूचे सॉफ्टवेअर घेतले होते. नाइकेच्या मालाच्या जाती, मापे आणि रंग यांची संख्या इतकी प्रचंड, की सॉफ्टवेअरमध्ये पुष्कळ फेरफार करावे लागले. ते मंद चालू लागले आणि वारंवार बंद पडू लागले. जुन्या प्रणालीतील नोंदी व नव्या प्रणालीतील नोंदी एकमेकींशी जुळेनात. काही मागण्या कारखान्यांकडे दोनदा गेल्या, काही मुळीच गेल्या नाहीत. ज्या बुटांना उठाव नव्हता ते हजारोंनी तयार झाले. जे गिऱ्हाइकांना हवे होते त्यांचा तुटवडा पडला. फेब्रुवारी २००१ मध्ये नाइकेने जाहीर केले, की त्या तिमाहीची विक्री अपेक्षेहून सुमारे १० कोटी डॉलरांनी कमी भरेल. एका दिवसात तिच्या शेअरची किंमत सुमारे एक पंचमांश घसरली. ४० कोटी डॉलर खर्चून हेच का मिळावयाचे, अशा अर्थाचे तिच्या प्रमुखांचे उद्गार सर्वत्र गाजले. आयटूचे म्हणणे असे, की सॉफ्टवेअर ज्या पद्धतीने बसवावयास हवे होते तसे नाइकेने बसविले नाही. दोष कोणाचा किती, या तंट्यात आपल्याला पडावयाचे कारण नाही. नाइकेने पुढे जवळच्या काळातील मागणीसाठी असल्या गणिती भाकितावरची भिस्त कमी केली आणि प्रत्यक्ष हाती आलेल्या मागण्यांवर अधिक भर दिला, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे.

वैद्याचेच पथ्य मोडले

नाइकेचा आघात बसला तेव्हा आयटूची प्रकृती आतून ठीक नव्हती. इंटरनेटच्या शेअरांची तेजी शिगेला पोचली असताना, मार्च २००० मध्ये, आयटूने ‘अ‍ॅस्पेक्ट डेव्हलपमेंट’ ही कंपनी घेण्याचे जाहीर केले. मोबदला द्यावयाचा होता तो स्वतःच्या शेअरांत, आणि त्या दिवशीच्या भावाने त्याचे मूल्य भरत होते ९३० कोटी डॉलर. सॉफ्टवेअर व्यवसायातील तोवरचा तो सर्वांत मोठा व्यवहार समजला गेला. त्यानंतर तेजी ओसरली. ग्राहकांनी संगणकावरचा खर्च आखडता घेतला. नियोजनात निष्णात म्हणून नावाजलेल्या सिस्को कंपनीलाही २००१ च्या वसंतात सुमारे २२५ कोटी डॉलरांचा मालसाठा निर्लेखित करावा लागला. आयटूने तेजीत फुगलेल्या भावाने घेतलेल्या कंपन्यांचे ख्यातिमूल्य पुस्तकांतून उतरविले; त्यामुळे २००१ या एका वर्षाचा तिचा तोटा साडेसातशे कोटी डॉलरांच्या वर गेला. हजारो कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या.

पुरवठा-साखळीच्या शास्त्रात ‘चाबकाचा परिणाम’ नावाचा एक सिद्धांत आहे. चाबकाच्या मुठीला दिलेला लहानसा झटका टोकाशी मोठा होऊन आदळतो. तद्वत दुकानातील मागणी थोडीशी वाढली, की घाऊक व्यापारी जरा अधिक मागवतो, कारखानदार त्याहून अधिक, आणि कच्चा माल देणारा आणखी अधिक. पुढे मागणी थोडी उतरली, की हीच मालिका उलट फिरते. जे फॉरेस्टर यांनी हे तत्त्व १९६१ मधील ग्रंथात सविस्तर मांडले होते. आयटू आपल्या ग्राहकांना या रोगाचे औषध विकीत होती. परंतु तेजीत आलेली मागणी ही झटक्याने फुगलेली मागणी आहे, हे तिला स्वतःच्या बाबतीत ओळखता आले नाही.

याहून गंभीर बाब हिशेबांची होती. २००३ मध्ये कंपनीला मागील वर्षांचे हिशेब नव्याने मांडावे लागले आणि त्याच वर्षी नॅसडॅक बाजाराच्या यादीतून तिचे नाव उतरले. जून २००४ मध्ये अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने आपले आरोप जाहीर केले. त्यांचा सारांश असा, की १९९८ ते २००२ या काळात परवान्यांच्या विक्रीतील सुमारे १०० कोटी डॉलरांचे उत्पन्न चुकीच्या रीतीने दाखविले गेले; काही सॉफ्टवेअर ग्राहकाला वापरता येईल इतके पुरे झालेले नसतानाही त्याचे उत्पन्न आधीच जमेस धरले गेले. कंपनीने आरोप मान्य वा अमान्य न करता १ कोटी डॉलरांचा दंड भरला.

या व्यवहाराकडे नैतिक दृष्टीने पाहता येईल. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर त्याचा अर्थ आणखी स्पष्ट होतो. तयार न झालेला माल विकला गेला असे लिहून ठेवणे म्हणजे वस्तुस्थितीऐवजी आकड्यावर भिस्त ठेवणे. सोव्हिएत कारखान्यांचे व्यवस्थापक योजनेचे लक्ष्य गाठल्याचे दाखविण्यासाठी जे करीत, त्याचीच ही खासगी आवृत्ती. तिथे लक्ष्य नियोजन मंडळ ठरवी. इथे ते शेअर बाजार दर तीन महिन्यांनी ठरवीत होता. आकडा बक्षिसाला जोडला गेला, की माहिती म्हणून त्याची किंमत उतरू लागते. हा नियम समाजवादाचाही नाही आणि भांडवलशाहीचाही नाही. तो माणसांच्या व्यवहाराचा आहे.

शेवट आणि पुढची वाट

यापुढची हकिगत थोडक्यात सांगता येईल. आयटू बुडाली नाही. २००५ मध्ये ती पुन्हा नॅसडॅकच्या यादीत आली. २००८ मध्ये आपल्या एकस्वांच्या भंगाबद्दल लावलेल्या दाव्याच्या तडजोडीत तिला ‘सॅप’ या जर्मन कंपनीकडून ८ कोटी ३३ लाख डॉलर मिळाले. त्याच वर्षी ‘जेडीए’ने तिला ३४ कोटी ६० लाख डॉलरांना घेण्याचा करार केला, पण जागतिक अरिष्टात तो मोडला आणि आयटूला २ कोटी डॉलरांची भरपाई मिळाली. अखेर नव्या कराराने, सुमारे ३९ कोटी ६० लाख डॉलरांना, जानेवारी २०१० मध्ये ती जेडीएत विलीन झाली. दहा वर्षांपूर्वी तिने एका खरेदीसाठी जाहीर केलेल्या मोबदल्याच्या विसाव्या हिश्श्यालाही ही रक्कम पुरती भरत नाही.

परंतु तिने रुजविलेली कल्पना टिकली. १९७८ मध्ये कॅनडात सुरू झालेल्या जेडीएने अशा अनेक कंपन्या पोटात घेतल्या. २०१८ मध्ये ‘ब्लू यॉन्डर’ ही जर्मन कंपनी घेतली आणि २०२० मध्ये तिचेच नाव स्वतःला लावले. जपानच्या पॅनासॉनिकने २०२० मध्ये तिचा एक पंचमांश हिस्सा आणि २०२१ मध्ये उरलेला सारा हिस्सा घेतला. त्या वेळी संपूर्ण कंपनीचे मोल सुमारे ८५० कोटी डॉलर धरले गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये या कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोरांनी संगणकी हल्ला केला, तेव्हा ब्रिटनमधील मोठ्या किराणा-साखळ्यांच्या पुरवठ्यात अडथळे आले, आणि स्टारबक्सच्या दुकानांतील व्यवस्थापकांना कामगारांच्या पाळ्या व तास हाताने लिहून ठेवण्याची वेळ आली. नियोजन किती खोलवर गेले आहे, हे असे ते बंद पडल्यावरच समजते.

तर मग या इतिहासातून आपण घ्यावयाचे काय? संगणक नको, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो वेडेपणा होईल. कारखान्याच्या आतला पसारा आज यंत्राविना आवरणार नाही. नियोजन मुळात अशक्य असते, असेही हा इतिहास सांगत नाही. फ्रिडरिश हायेक यांनी १९४५ च्या आपल्या निबंधात म्हटले होते, की विशिष्ट स्थळाचे आणि विशिष्ट वेळेचे ज्ञान हे असंख्य माणसांत विखुरलेले असते आणि ते एका जागी गोळा करता येत नाही. संगणकांची शक्ती वाढेल तसतसा हा आक्षेप निकालात निघेल, असे ऑस्कर लांगे यांच्यासारख्या समाजवादी अर्थशास्त्रज्ञांना वाटत होते. आयटूचा अनुभव या वादात मधली रेघ ओढतो. जे मोजलेले आहे, त्याचे गणित संगणक सोडवू शकतो. जे अजून घडलेलेच नाही, आणि जे कोणी प्रामाणिकपणे सांगितलेले नाही, त्याला त्याच्यापाशी उत्तर नाही.

हा मुद्दा दूर डॅलसपुरता नाही. आपल्या कचेऱ्यांतही आता प्रत्येक गोष्टीचा तक्ता संगणकावर भरला जातो. भांडाराचा कारकून वर्षानुवर्षे नोंदवही ठेवतो. कोणता पुरवठादार पावसाळ्यात हमखास उशीर करतो, कोणती मागणी केवळ मार्चअखेरचा निधी संपविण्यासाठी येते, हे त्याला ठाऊक असते. तक्त्यात मात्र त्यासाठी रकाना नसतो. त्याला विचारले नाही, तर हे ज्ञान त्याच्याबरोबरच निवृत्त होते. शाळेच्या पटावरील हजेरी आणि वर्गातील प्रत्यक्ष उपस्थिती यांतले अंतर शिक्षकाला ठाऊक असते; वरच्या कार्यालयात पोचतो तो पट. आकडा वर जाताना त्याच्या मागचे माणूस गळून पडते, आणि मग त्या आकड्यावर मोठमोठ्या योजना उभ्या राहतात.

आपले विद्यार्थी उद्या अशाच कंपन्यांत नोकरीसाठी जाणार आहेत आणि त्यांनी अवश्य जावे. गणित त्यांना उत्तम यावयास हवे. परंतु पडद्यावर आकडा उमटला, की तो मोजलेला आहे, अंदाजलेला आहे, की कोणाला तरी हवा म्हणून लिहिलेला आहे, हा प्रश्न विचारण्याची सवय त्यांना महाविद्यालयातच लागली पाहिजे. ती लावण्याची जबाबदारी आम्हा शिक्षकांवर आहे, आणि ती आम्ही नीट पार पाडतो असे मला म्हणवत नाही.